पुढची खोली

"किती दिवस?"

शब्द तोंडातून निघून गेले आणि मग काकूंनी मान वर केली. दारात त्यांची लेक उभी होती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चपला, आणि चपलांतून वाळू गळत होती.

लेक क्षणभर तशीच उभी राहिली. मग हसली.

"दोनच दिवस. जागा आहे ना?"

"जागेला काय धाड भरलीय? हंगाम संपून महिना झाला. पुढची खोली मोकळीच आहे." काकूंनी खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली, वर धुतलेला टॉवेल. "गरम पाणी आठपर्यंतच हं."

चाळीस वर्षं त्या उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला काकूंनी हेच सांगितलं होतं. गावातल्या सगळ्याच बायकांच्या जिभेला तसं वळण पडलेलं. या गावाला समुद्र पहिल्यापासून होता. पण हवाही आहे, हे कुणा एका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. मग छातीचे रोगी आले, शाली पांघरून ओळीने बसायला. रोगी बरे झाले की गेले ते कळलं नाही, पण त्यांच्यामागून नवी लग्नं झालेली जोडपी आली, जोडप्यांमागून शाळांच्या सहली. घरं पुढून पाहुण्यांची झाली आणि मागून मालकांची. हंगाम आला की अख्खं घर उचलून मागे सरकायचं. समुद्राकडची खिडकी पाहुण्यांना, विहिरीकडची आपल्याला. काकू या घरात सून म्हणून आल्या त्या मागच्या दारानं. पुढे पाहुणे होते. नंतर नवा रस्ता दुसऱ्याच किनाऱ्याला गेला आणि गर्दी त्याच्यामागे गेली. गाव मात्र मागच्या खोल्यांतच राहिलं. पुढे यायचं कुणाला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दूध आणायला गेल्या. वाटेत छत्रीवाला आपल्या फाटक्या छत्र्या मांडून ठिगळं लावत बसला होता.

"काय काकू, लेक आली म्हणे! आता मजा आहे बुवा तुमची. हातात आयतं ताट."

"दोन दिवसांचं ताट. उद्या जाईल."

"जाईल?" त्याची सुई थांबली. "मग दवाखान्यात नर्सची जागा आहे का, असं कशाला विचारत होती? बसमधून उतरली ती आधी माझ्याकडेच आली. म्हणाली, काका, मी आता इथेच."

काकूंच्या हातातलं दुधाचं भांडं एकाएकी जड झालं. जावई लेकीला सोडून दुसरीकडे राहायला गेल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. पुढचं लेक समोरासमोर सांगणार होती. ते सांगायलाच आली होती.

घरी येऊन त्या पुढच्या खोलीशी गेल्या. दोनदा बोटं उचलली, दोनदा खाली घेतली. मग दार वाजवलं.

"उघडंच आहे, आई. स्वतःच्या घरात दार काय वाजवतेस?"

काकू आत आल्या, पण बसल्या नाहीत. या पलंगावर त्या कधी बसल्याच नव्हत्या.

"राहायला आलीस हे सांगितलं का नाहीस मला?"

"तू विचारलंस ना, किती दिवस."

"अगं, ती सवय! मेली ही जीभ! देव जरी दारात आला तरी मी त्याला तेच विचारीन."

"आणि टॉवेलही देशील." लेक खळखळून हसली, मग हसू ओसरलं. "रागावले नाही गं मी. पण पाच तास बसमध्ये एकच घोकत होते, आई काय म्हणेल. आणि लहानपणी कसं, हंगाम आला की माझी गादी पिंपांमागे जायची. काल दारात उभी राहिले आणि वाटलं, अजून हंगामच चालू आहे."

काकूंनी चादरीची नसलेली सुरकुती सरळ केली.

"राहा," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी कुणालाच म्हटला नव्हता. पाहुणे राहायचेच, म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

"रात्रीच मैत्रिणीला फोन केला. तिच्या तिकडच्या दवाखान्यात जागा आहे, राहायची सोयही. परवापासून येते म्हटलं. शब्द दिलाय, आई."

"शब्द फिरवता येतो."

"तू फिरवलायस कधी? कुणाला दिलेली खोली काढून घेतलीस?"

चाळीस वर्षांत एकदाही नाही.

बस तिसऱ्या दिवशी सकाळची. निघताना लेक गळ्यात पडली. "येत जाईन गं," म्हणाली. पाहुणेही असंच म्हणायचे, आणि काकू त्यांना हसून हात हलवायच्या. हात हलला, हसू जमलं नाही.

दुपारी वाऱ्यानं हैराण झालेलं एक जोडपं दारात आलं. डोक्यात वाळू, दातांत वाळू.

"काकू, समुद्रासमोरची खोली मिळेल का?"

"बाजूची देते. तिथे वारा लागत नाही."

"समोरची रिकामीच दिसतेय की."

"ती मुलीची आहे," काकू म्हणाल्या.

त्यांना बाजूची खोली उघडून देऊन काकूंनी मागून आपली चटई आणि उशी आणली. पुढच्या खोलीत, पलंगाला लागून, फरशीवर अंथरली. पलंगावर लेकीच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यात समुद्र काठोकाठ भरला होता. त्याच्याकडे पाठ करून, पलंगाकडे तोंड करून, काकू पडून राहिल्या.