ओत्सुयाला मारलेली हाक

महायुद्ध संपून अकरा वर्षं झाली होती. तोक्योच्या एका स्टुडिओत मी ध्वनिमुद्रणाच्या कामावर होतो. शहर तुडवणाऱ्या अजस्र प्राण्याचा चित्रपट होता. पळण्यासाठी दोनशे माणसं बोलावली होती. प्राणी तिथं नव्हताच. रबरी पोशाखातला माणूस शेजारच्या शेडमध्ये खेळण्यातली घरं मोडत होता. गर्दीनं बांबूवरच्या लाल फडक्याकडे बघून किंचाळायचं.

सगळे किंचाळले. एक बाई तेवढी तोंड मिटून पळाली. तीनदा.

दिग्दर्शक कुवाबारा तिच्याजवळ आले. "घसा बसलाय का, बाई?"

"नाही." ती फुकागावातली तोफूवाली, हिसानोबाई. पन्नाशीची. "पण साहेब, असं कुणी किंचाळत नाही. बाँबहल्ल्यात आमची वस्ती जळाली तेव्हा मी पळालेय. वर बघायला सवड कुणाला होती? जो तो आपल्या माणसाला हाका मारत होता."

"नावानं?"

"मग काय, हुद्द्यानं?"

कुणी हसलं नाही. कुवाबारा गर्दीकडे वळून म्हणाले, "किंचाळू नका. नाव घ्या. कुणाचंही."

कॅमेरा फिरला. माझ्या हेडफोनमध्ये नावांचा कल्लोळ उठला. फडकं धरणारा माणूसही कुणाला तरी हाक मारत होता.

हिसानोबाई ओरडली होती, "ओत्सुया! अगं ओत्सुया!"

जेवताना मला राहवलं नाही. "ओत्सुया तुमची मुलगी का हो?"

"छे! शेजारीण. नळावरून भांडलो होतो, वर्षभर अबोला."

"मग घरच्यांना नाही मारलीत हाक?"

"त्यांना तेव्हाच मारल्या, घसा फुटेपर्यंत. हिच्या दारावरून मात्र तशीच पुढे गेले. म्हटलं, निघेल आपली आपण." तिनं डब्यातला भात सारखा केला. "नाही निघाली."

पुढे संकलनात त्या हाकांवर प्राण्याची डरकाळी चढवली. एकही नाव ऐकू येईना. मी कुवाबारांना गाठलं. त्यांनी ऐकलं आणि डरकाळी मधेच तोडायला लावली.

पहिल्या खेळाला मी हिसानोबाईच्या शेजारी बसलो. पडद्यावरचा प्राणी अचानक गप्प झाला आणि तिची हाक थिएटरभर घुमली. तिनं तोंडावर पदरासारखी बाही धरली. बराच वेळ.

मग प्राण्यानं पूल उचलला, तशी ती माझ्याकडे झुकली. "काय हो, हा मेला इतका चिडलाय तरी कशानं?"