कोरिनची काडतुसं

"बाबा, खरं सांगू? तुझी काडतुसं आता झेपत नाहीत मला."

कोरिनने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि उजवं मनगट चोळलं. वसंतात खेचराने लाथ घातली होती, तेव्हापासून ते मनगट कुरकुरायचं. आर्लो हेगस्टडने कॉफीचा मग खाली ठेवला. लेकीचं मनगट त्याला दिसत होतं, पण बोलणं मात्र काळजात घुसलं.

"दुकानातली घेणार म्हण की सरळ."

"तसं कुठं म्हणाले? जरा कमी धक्क्याची भर. दारू थोडी कमी घाल, झालं."

"ही दारू कमी घालून चालत नाही, पोरी. हिला पोटभर जागा लागते. उपाशी ठेवली की धड पेटत नाही, आणि गोळी नळीतच अडकून बसते. समोर अस्वल आणि हातात तुंबलेला पाइप! पंप दुरुस्त करायला तिथं मी नसणार."

कोरिन हसली. मॉन्टॅनाच्या त्या खोऱ्यात आर्लोने जन्मभर कालव्यांवरचे पंप दुरुस्त केले होते आणि उरलेल्या वेळात काडतुसं भरली होती. कोरिनच्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी त्याची दारू ठरलेली होती. संथ जळणारी, बारीक दाण्यांची, काडतुसाची पितळी पुंगळी काठोकाठ भरणारी. चुकून दुप्पट घालू म्हटलं तरी ती बाहेर सांडायची, म्हणजे चूक डोळ्यांना दिसायचीच. त्या जुन्या मालाचा शेवटचा मोठा डबा त्याने कोरिनसाठी राखून ठेवला होता. शिकाऱ्यांना घेऊन ती डोंगरात जायची, तिकडे ग्रिझली अस्वलं फिरायची, आणि तिच्या कमरेला बापाच्या हातची काडतुसं असायची. याचा आर्लोला केवढा अभिमान! तोंडाने बोलायचा नाही, पण गावाला माहीत होतं.

"दुसरी दारू घ्यावी लागेल," तो शेवटी म्हणाला. "जरा चपळ, थोडीशीच पुरणारी. धक्का कमी बसेल. पण ती पुंगळीत तळाशी बसते. दोनदा पडली तरी वरून पटकन कळत नाही. एकेक डोळ्यांखालून घालावी लागणार."

"मग घाल ना. तुझ्याइतकं बघणारं दुसरं आहे कोण?"

झालं! म्हातारा विरघळला. ती उद्या पहाटे निघणार होती. नव्या दारूचा डबा त्याने त्याच दिवशी आणला, दुपारचं जेवण उरकलं आणि शेडमध्ये बसला. पुंगळ्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, माप, वजनाचा काटा. एकेक काडतूस नेटकं उतरत होतं. पेटी भरत आली तेव्हा शेजारचा पंप बंद पडला म्हणून निरोप आला. आर्लो तसाच उठून गेला, पंप चालू केला, चार चांगले शब्द ऐकले आणि खुशीत शीळ घालत परत आला. मापात उरलेली दारू त्याने समोरच्या उघड्या डब्यात ओतली, झाकण लावलं, आणि तिथेच थबकला.

झाकण जुन्या डब्याचं होतं. नवा डबाही शेजारीच होता, बंद.

टेबलावर एका वेळी एकच डबा, हा नियम त्यानेच खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना शिकवला होता. जुना डबा कधी काढला? इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप फळीवर गेला असणार. मग पेटीतली काडतुसं कशाने भरली? नवीने, की जुनीने, तीही नवीच्या मापाने, म्हणजे उपाशी? त्याने दाणे तळव्यावर घेऊन उजेडात धरले. दोन्ही करडे, दोन्ही बारीक, जवळजवळ सारखेच. जवळजवळवर आर्लो लेकीचा जीव ठेवणार नव्हता.

पुन्हा भरायला वेळ नव्हता असं नाही. पण नवी भर आधी उडवून, रिकाम्या पुंगळ्या पाहून मगच कोणाच्या हाती द्यायची असते, आणि एकदा चुकलेल्या माणसाने त्या दिवशी मापाला हात लावायचा नसतो. हेही त्याचेच नियम होते. त्याने गोळ्या सोडवायचं हातोडीसारखं हत्यार घेतलं आणि एकेक काडतूस त्यात अडकवून, ते ओंडक्यावर आपटून गोळी सोडवली. अख्खी पेटी रिकामी केली. मग टोपी घातली आणि दुकानात गेला.

"काडतुसं?" गल्ल्यावरची बाई बघतच राहिली. "तुम्हाला?"

"कोरिनला. कमी धक्क्याची."

स्टोव्हजवळ ड्वाइट बसला होता. त्यालाही काडतुसं भरायचा नाद होता, आणि त्याची जीभ कायम सुटलेली. "काय रे आर्लो, हात गेला की डोळे?"

"डोकं," आर्लो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "टेबलावर दोन डबे ठेवले. काय कशात गेलं, सांगता येत नाही. सगळी फोडली."

ड्वाइट खाकरला. "अरे, एखादं उडवून बघायचंस. चांगलं गेलं असतं तर बाकीची द्यायची."

"म्हणूनच तुझी पोरगी तुझी काडतुसं नेत नाही."

सगळे खो खो हसले. ड्वाइटही हसला, जरा उशिरा. आर्लो पेटी घेऊन निघाला तेव्हा ड्वाइटने स्वतः उठून दार उघडून धरलं.

घरी कोरिन शेडच्या दारात उभी होती. ओंडका, सुट्या गोळ्या, पितळी पुंगळ्यांचा ढीग तिने पाहिला होता. आर्लोने पेटी तिच्या हातात दिली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. या खेपेला आपल्या हातची काडतुसं तिच्या पट्ट्यात नसणार, हेही सांगितलं.

कोरिनने दुकानातली काडतुसं पट्ट्यात खोवली. "परत आले की नवीने भर. उडवून मी बघेन. तोवर ही परक्यांची वापरते."

"चूक झाली माझी."

"बाबा, तू सांगितलं नसतंस तर मला कळलंही नसतं. म्हणून तर मी तुझीच नेते."

आर्लोने फोडलेल्या काडतुसांतली दारू तिच्यासाठी राखलेल्या त्या जुन्या डब्यात लोटली आणि डबा काखेत घेऊन अंगणात आला. असली मिसळलेली दारू जाळायची नाही, विकायची नाही, खत म्हणून मातीला द्यायची.

"दे, मी ओतते," कोरिन म्हणाली.

"नको."

उन्हं कलली होती. म्हातारा पाठ ताठ करून वाफ्याच्या कडेने चालू लागला आणि पेरणी करावी तशी, एकसारख्या हाताने, डब्यातली दारू मातीवर सोडत गेला. कोरिन टोपी काढून उभी राहिली.