पपईच्या पानांचा रस

राजापेठेतल्या त्या घरात दोन सुना. थोरली सत्यभामा; मत्सर तिने माहेरून नावासोबतच आणलेला. धाकटी सीमा बोलायला गोड, कामाला बेताची आणि सासूची लाडकी. मैनाबाई धाकटीला ‘बेटा’ म्हणायच्या आणि थोरलीला ‘आयकलं काय वं’. एवढ्याशा फरकाने सत्यभामेचं काळीज वर्षानुवर्षं जळत होतं.

त्यात सीमाला डेंग्यू झाला. प्लेटलेट घसरत घसरत अठरा हजारांवर आल्या. बाळापूरहून तिचे माहेरचे नारळ आणि किवीच्या पिशव्या घेऊन धावले. मैनाबाई दवाखान्यात तिच्या उशाशी ठाण मांडून बसल्या. सत्यभामेच्या वाट्याला काय आलं, तर शेजारच्या पपईच्या झाडाची पानं तोडायची, वाटायची आणि रस गाळून पाठवायचा. या रसाने प्लेटलेट वाढतीलच याची काही खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मैनाबाईंपुढे डॉक्टरांचं काय चालणार?

सत्यभामेच्या बोटांची मागच्या उन्हाळ्यापासून आग आग व्हायची. ती लालबुंद व्हायची, डोकं ठणकायचं. एकदा सांगून पाहिलं तर सासू म्हणाली, “मिरच्या कांडल्या असतीन तुनं.” तेव्हा कोणी नारळ फोडला नव्हता. म्हणून आता रस गाळला की ती अर्धा पेला आधी स्वतः प्यायची. कडूजहर! नाक मुरडून प्यायची, पण प्यायची. सीमाले जे भेटते ते मले काहून नाई?

सीमाला प्लेटलेट देणारं माणूस पाहिजे झालं, तेव्हा सत्यभामा सगळ्यांच्या आधी रक्तपेढीत जाऊन बसली. जावेच्या मायेने नव्हे. ‘थोरलीनं वाचवलं’ एवढे दोन शब्द तिला सासूच्या तोंडून ऐकायचे होते. तपासणीत तिच्या प्लेटलेट पेशी निघाल्या नऊ लाख. तिथली बाई म्हणाली, “लयच जास्त हायेत, ताई. तुमच्या नाई घेता येत. डॉक्टरले दाखवा लवकर.”

सत्यभामेने त्यातलं ‘लयच जास्त’ तेवढं घरी आणलं.

“तिच्या अठरा हजार, माह्या नऊ लाख!” ती शेजारणींना सांगत सुटली. “आमच्या मोर्शीकडचं रक्तच तसं हाय.” पेशी कमी झाल्या म्हणून सगळं शहर घाबरलेलं. जास्त झाल्या म्हणून कोणी रडल्याचं तिने ऐकलं नव्हतं, घरातल्यांनीही नाही. डॉक्टरांकडे कोण जातं मग!

शेवटी सीमाच्या नवऱ्याच्या, नितेशच्या मित्राने प्लेटलेट दिल्या. सीमा सावरली आणि घरी आली. मैनाबाईंनी दारातच औक्षणाचं ताट थोरलीच्या हातात दिलं. “ओवाळ तिले.”

हिला ओवाळायचं, आणि तेही मीच! दात-ओठ खात सत्यभामेने ताट उचललं. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला तिचा उजवा हात तिचा राहिलाच नाही. ताट निसटलं, निरांजन सीमाच्या पायाशी पडलं, कुंकू फरशीभर झालं.

“पाह्यलं?” मैनाबाई कडाडल्या. “पोरगी जिवानिशी वाचून आली, तं इले पाह्यवत नाई! ताट फेकलं इनं!”

सगळ्यांना तेच खरं वाटलं. सत्यभामेचा स्वभाव गल्लीला ठाऊक होता. तिला ओरडून सांगायचं होतं, आई, मी नाई फेकलं, आईची शप्पथ. पण जीभ वळेना. तिला भयंकर भीती वाटली.

सीमा तिच्या तोंडाकडे निरखून पाहत होती. “थांबा, आई. त्याईनं फेकलं नाई. तोंड पाहा त्याईचं, एका बाजूनं उतरलं हाय. गाडी काढा आधी!” स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं, तरी जावेचा लोंबता हात धरून ती गाडीत बसली.

दवाखान्यात पोचेपर्यंत जीभ सुटली, हात हलला. पुढे अकोल्याच्या रक्ताच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हाही सीमा सोबत होती. डॉक्टरांनी समजावलं, “पेशी फार कमी झाल्या तर रक्त थांबत नाही, आणि फार वाढल्या तर आतल्या आत गुठळी होते. बोटांची आग त्याचीच होती. या वेळी थोडक्यात निभावलं. आता गोळ्या न चुकता घ्यायच्या.” सत्यभामेने खाली मान घालून रसाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “रसानं हे झालेलं नाही. पण आता तो बंद.”

घरी येऊन सीमाने सासूला थोरलीने चोरून प्यायलेल्या रसाचं तेवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मैनाबाईंनी स्वतः पानं तोडली, स्वतः वाटली, स्वतः गाळली. पेला घेऊन थोरलीच्या उशाशी येऊन बसल्या. “घे, बेटा,” त्या म्हणाल्या.

सीमा लगबगीने आत आली. “अवो आई, हे नाई चालत त्याईले! डॉक्टरनं बंद सांगतलं, तुमाले सांगाचंच राह्यलं!” तिने पेला घ्यायला हात पुढे केला.

सत्यभामेने पेला बाजूला ओढला.

“पेत नाई मी,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “पण धरू तं दे. माह्यासाठी केलं हाय.”

पेला तिने उजव्या हातात धरला होता. या वेळी तो तिने निसटू दिला नाही.