राणीमाशीवर पडलेली वावटळ

मित्रांनो, मी प्राण्यांच्या लढाईच्या खेळातले एक जुने कार्ड आहे. माझे नाव वावटळ. समोरच्या खेळाडूने मांडलेला कोणताही एक प्राणी मी पटावरून उडवून लावते. मात्र एका डावात मला एकदाच टाकता येते.

नागपूरच्या छापखान्यातून पाकिटात बंद होऊन मी सौंसरला, प्रज्ञाच्या हाती आले. ती तेव्हा आठवीत होती. तिची जिवलग मैत्रीण तृप्ती. तृप्तीने अस्वल मांडले की प्रज्ञा घाबरून लगेच मला टाकायची. अस्वल जायचे, पण मागून राणीमाशी यायची आणि तृप्तीच्या साध्या मधमाश्यांचे बळ तिप्पट व्हायचे. मी तर आधीच खर्ची पडलेली! प्रज्ञा रोज हरायची.

एकदा वंदनाआत्याने संत्री सोलता सोलता हे पाहिले. म्हणाली, "अवं, मोठं दिसते त्यालेच काऊन उडवतं? बाकीचे कोनाच्या भरवशावर नाचून राहिले, ते पाह्य ना!"

पुढे पांढुर्ण्याच्या स्पर्धेत शेवटचा डाव या दोघींचाच लागला. जिंकणारी नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. अस्वल आले. तडाखे खाता खाता, डावाच्या सुरुवातीला मिळालेल्या वीस प्राणांतले प्रज्ञाकडे तीनच उरले. तिची बोटे घामाने ओली झाली होती. 'टाक ना मला,' असे मलाच वाटू लागले. पण तिने मला धरून ठेवले.

तृप्तीने हसत राणीमाशी मांडली. त्याच क्षणी प्रज्ञाने मला टाकले. राणी उडाली. बळ गेलेल्या माश्या आणि एकटे अस्वल प्रज्ञाने मांडलेल्या बैलांपुढे टिकले नाहीत.

"तू तं नेहमी अस्वलावरच टाकतं!" तृप्ती रडत निघून गेली.

चार दिवस दोघी बोलल्या नाहीत. प्रज्ञाने मला डब्याच्या तळाशी दडवले. माझ्याकडे पाहणेही तिला नको झाले होते.

पाचव्या दिवशी तृप्तीच दारात उभी. हातात प्लास्टिकचे नवे पाकीट.

"घे. तुह्या वावटळीचे कोपरे मुडपून राहिले. मले हरवणारं कार्ड असं फाटकं नको दिसाले!"

दोघी खळखळून हसल्या. नागपूरला दोघी सोबतच गेल्या. तिथे प्रज्ञा पहिल्याच फेरीत हरली आणि दोघींनी स्टेशनवर कचोरी खाल्ली.

आता त्या कॉलेजात आहेत. मी मात्र त्या पाकिटात सुखरूप आहे.

मित्रांनो, कार्डांना ओले हात लावू नका. आणि डावात जिला हरवाल, तिच्या घरी दुसऱ्याच दिवशी आपणहून जा. प्रज्ञाला ते सुचले नाही. बरे झाले, तृप्तीला सुचले.