मार्लिस सोनोग्राफी शिकते

साठीला टेकलेली मार्लिस कांगस सोनोग्राफी शिकायला ड्युलूथ शहरात निघाली, तेव्हा गावात तिची भरपूर चेष्टा झाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला असलेल्या तिच्या या गावात दवाखाना एकच, आणि तो चालवणारी नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे मार्लिस. रुग्ण तिनेच तपासायचे, निदान तिनेच करायचं, औषधंही तिनेच लिहून द्यायची. डॉक्टर ओलाफ्सन आठवड्यातून एकदा यायचे. कोर्सचं त्यांनीच सुचवलं होतं.

"हातात मावणारं नवं यंत्र आलंय. कपाटात ठेवून त्याची पूजा करायची का? जा, शिकून ये," ते म्हणाले.

नवरा रेनो मात्र हसत सुटला. "लोक या वयात निवृत्तीची पार्टी ठरवतात, आणि ही बघा शाळेत निघाली!"

"पार्टी कर की, आणि तूच नाच," असं म्हणून मार्लिसने गाडी काढली.

वर्गात बाकीच्या नर्स तिच्या निम्म्या वयाच्या. पहिली सकाळ एकमेकींच्या पोटावर यंत्र फिरवत पडद्यावर नुसतं राखाडी धुकं बघण्यात गेली. शिकवणारी तमीका स्वतःही नर्स प्रॅक्टिशनरच होती. ती मार्लिसच्या मागे येऊन उभी राहिली.

"अगं, पीठ मळतेयस का? हलकेच टेकव. आता जरासं तिरकं कर."

आणि धुकं फाटलं. इकडे यकृत, त्याला खेटून मूत्रपिंड, दोन्हींमध्ये बारीक पांढरी रेघ. इतकी वर्षं नुसते हात लावून जे अंदाजाने ओळखलं, ते समोर श्वासाबरोबर हलत होतं!

"दिसलं! मला दिसलं!" मार्लिस ओरडली. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"ती रेघ पांढरी असली तर ठीक," तमीका हसत म्हणाली. "तिथे काळा पट्टा दिसला की समजायचं, रक्त साठलंय. मग थांबायचं नाही."

गावी परतल्यावर मार्लिसच्या तावडीतून कोणी सुटलं नाही. रेनो, नणंद, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट डॉटी, सगळ्यांची पोटं बघून झाली. "पुन्हा तो जेलचा गार चिखल?" डॉटी कुरकुरायची आणि तरीही आडवी व्हायची.

फेब्रुवारीत गावातला वर्नर छपरावरचा बर्फ काढताना खाली पडला. मुलगी लेना त्याला ओढतच घेऊन आली.

"बरगडी दुखावलीय, दुसरं काही नाही," वर्नर गुरगुरला. "गोळी दे आणि सोड मला."

रक्तदाब बरा होता, नाडी मात्र जलद. मार्लिसने यंत्र टेकवलं. यकृत दिसलं, मूत्रपिंड दिसलं, आणि दोन्हींमध्ये काळा पट्टा. कोन बदलून तिने पुन्हा पाहिलं. पट्टा तिथेच.

तिने शहरातल्या मोठ्या इस्पितळात फोन लावला. "पोटात रक्तस्राव आहे. हेलिकॉप्टर पाठवा."

"सीटी स्कॅन झालाय?" तिकडच्या डॉक्टरने विचारलं.

"इथे सीटी कुठला? सोनोग्राफी मी केलीय. चित्र पाठवते, बघा."

चित्र पोचलं. मग आवाज आला, "दिसलं. हेलिकॉप्टर निघतंय."

"एवढ्याशा पडण्याला हेलिकॉप्टर?" वर्नर म्हणाला खरा, पण बोलता बोलताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मार्लिसने सलाईन जोरात सोडलं, लेनाला त्याचे पाय उचलून धरायला सांगितलं, आणि पंख्यांचा आवाज येईपर्यंत त्याचा हात सोडला नाही.

संध्याकाळी सर्जनचा फोन आला. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती, शस्त्रक्रिया झाली, वर्नर शुद्धीवर आला. "वेळेवर पाठवलंत. तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं."

फोन ठेवून मार्लिसने डॉटीला मिठी मारली आणि दोघी औषधांच्या कपाटासमोर पोरींसारख्या उड्या मारायला लागल्या. धाप लागली तशी मार्लिसने डॉक्टर ओलाफ्सनना फोन केला. सगळं एका दमात सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि डॉक्टर, एप्रिलमध्ये हृदयाच्या सोनोग्राफीचा कोर्स आहे."

"अगं, आधी जरा बस तरी!"

"बसले तर जागा भरतील," मार्लिस म्हणाली.