जाळीवरची माळ

मी एक जुना टेम्पो आहे. नावाला पांढरा, पण सायखेड्याच्या धुळीने माझा रंग कधीच चहासारखा करून टाकला आहे. मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी मोठा ऐटबाज होतो. हिरामणअण्णांनी मला घरी आणलं, मंगलाबाईंनी माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि तेव्हापासून मी त्यांच्या मळ्यातली फुलं बाजारात नेऊ लागलो. बाजारात शेजारी उभे राहणारे कांद्याचे टेम्पो माझ्या वासावर जळायचे, असं मला तरी वाटतं.

अण्णांची दोन्ही मुलं माझ्यात बसूनच मोठी झाली. थोरल्या तृप्तीचे पाय सीटवरून लोंबकळायचे. बघता बघता ते क्लचपर्यंत पोहोचले आणि ती मला चालवू लागली. अण्णांपेक्षा ती गिअर हळुवार टाकते, पण हे त्यांना कोण सांगणार! धाकटा अमित मात्र अजून मागे हौद्यातच रमतो.

दर वर्षी एकतीस डिसेंबरला अण्णा मला गोदाकाठी नेऊन धुतात. मग माझ्यापुढेच मांडी घालून झेंडू ओवतात आणि ओवता ओवता वर्षभरातल्या चांगल्या गोष्टी देवाला मोठ्याने सांगतात. मंगलाबाईंचा गुडघा बरा झाला, एक फूल. अमितने यंदा शाळा बुडवली नाही, एक फूल. ती माळ माझ्या तोंडावर बांधायची आणि नव्या वर्षाचं ऊन पडेपर्यंत काढायची नाही, हा त्यांचा नेम. एकदा ती वाटेतच तुटून पडली आणि त्याच आठवड्यात मंगलाबाईंनी अंथरूण धरलं. तेव्हापासून त्या नेमात भक्तीइतकीच भीतीही आहे.

गेल्या वर्षअखेरीची गोष्ट आठवली की माझं इंजिन अजून धडधडतं. तृप्तीला भुसावळच्या एका दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली होती. एक तारखेला सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. संध्याकाळची रेल्वेगाडी नाशिक रोडहून होती. त्या दुपारी अण्णा ओवतच राहिले. पोरगी शिकली, पोरगी पायावर उभी राहिली, आता परगावी तिला तूच सांभाळ. फुलांवर फुलं चढली, पदरावर पदर आले. माझ्या पुढच्या जाळीतून वारा आत येतो, ती जाळी अख्खी झाकली गेली. मला बोलता येत नाही, नाहीतर तिथेच सांगितलं असतं.

तिला सोडायला सगळं घर माझ्यात बसलं. फुलबाजारात माल उतरवायला उशीर झाला आणि नाशिकच्या द्वारका चौकात आम्ही वाहनांच्या गर्दीत अडकलो. पुढे ट्रक, मागे बस. थोडं सरकायचं आणि थांबायचं. माझा जीव कोंडू लागला. तापमानाचा काटा चढत चढत लाल रेघेपाशी आला. तृप्तीने मला कसंबसं कडेला घेतलं. पुढून वाफ येत होती. अण्णा पाण्याचा कॅन घेऊन धावले. गरम झाकण उघडू नका म्हणून तिने त्यांचा हात धरला आणि खाली वाकून पाहिलं.

"अण्णा, माळेने जाळी बुजली. गाडीला वाराच लागत नाय," ती म्हणाली.

"माळ काढायची नाय," अण्णा म्हणाले. "आज तर नायच. तू चालली परगावी."

तृप्तीने घड्याळाकडे पाहिलं, पण माळेला हात लावला नाही. वडिलांचं मन मोडून निघणं तिच्याच्याने होईना. अमित हौद्यातून खाली उतरला. गाडीची वेळ जवळ येत होती आणि कोणीच हलत नव्हतं. मित्रांनो, एवढा असहाय मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

शेवटी मंगलाबाई खाली उतरल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"अहो, जाऊ द्या आता पोरीला."

अण्णांनी माझ्यासमोर हात जोडले. मग स्वतःच गाठ सोडली. ऊन ऊन झालेली ती माळ कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, तेव्हा मंगलाबाईंनी ती ओटीत घेतली. वारा आत शिरला. काटा खाली आला तसं तृप्तीने मला स्टेशनकडे हाकलं.

गाडी फलाटावर उभीच होती. तृप्ती आईवडिलांच्या पाया पडली आणि धावत सुटली. आम्ही सायखेड्याला परतलो. रात्रभर त्यांचा डोळा लागला नसावा, कारण सकाळी तिचा फोन आला तेव्हा ते माझ्याजवळच उभे होते. ती वेळेत हजर झाली होती. अण्णांनी माझ्या दारावर डोकं टेकलं. "माळ काढली, तरी सांभाळलंस रे देवा," एवढंच ते म्हणाले आणि रडले.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या यंत्रांचं तेलपाणी पाहा, आमची जाळी मोकळी ठेवा. आमच्यावर प्रेम जरूर करा, पण आम्हाला श्वास घेऊ द्या.

आज पुन्हा एकतीस डिसेंबर. अण्णांनी माळ ओवली, तेवढीच लांब, पण यंदा काचेच्या वर बांधली. मला चालू करून त्यांनी जाळीपुढे तळहात धरला आणि वारा नीट आत जातोय ना, ते पाहिलं. मग ते स्टिअरिंगवर बसले. तृप्ती सुट्टीवर येते आहे. तिला आणायला नाशिक रोडला जायचं आहे.