सतरा नंबरची कॉइल

"काटा मात्र फिरला पाहिजे, मावशी," दुकानाचा मालक म्हणाला. "आतलं सगळं गेलं तरी चालेल. पण बटण फिरवलं की काटा सरकायला हवा. गिऱ्हाईक आधी तेच करून बघतं."

"फिरेल की. काट्याची दोरी तशीच ठेवलीय," मावशी म्हणाली.

टेबलावर लाकडी रेडिओ पालथा पडला होता. मावशीनं पाठीमागचा पुठ्ठा काढला, चार स्क्रू सोडवले आणि आतला सगळा सांगाडा तारांसकट बाहेर ओढला. पायाशी भंगाराची गोणी होती, तिच्यात तो गेला. आता रिकाम्या खोक्यात तळहाताएवढा नवा स्पीकर बसवायचा, त्याला ब्लूटूथची पट्टी जोडायची आणि डायलमागे पिवळा दिवा लावायचा. एवढं झालं की तो कुणाच्याही फोनवरची गाणी म्हणायला मोकळा.

दुकान जुन्या वस्तूंच्या वेड्यांसाठी होतं. तबकडीच्या फोनमध्ये घड्याळ होतं, सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये टेबलावरचा दिवा होता, आणि टाइपरायटरची बटणं दाबली की अक्षरं संगणकावर उमटायची. लोक यायचे, हात फिरवायचे, 'आमच्याकडे अस्सा होता' म्हणायचे आणि आमच्याकडचा कधी टाकून दिला ते मात्र कुणालाच आठवायचं नाही.

मावशीनं सव्वीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात कॉइली गुंडाळल्या होत्या. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटून, एकही वर चढलेला नको. कारखान्याला टाळं लागल्यावर तिनं मिळेल ते केलं: लिफाफे चिकटवले, दवाखान्यात कागद लावले. तीन वर्षांपूर्वी या दुकानानं बोलावलं तेव्हा तिला वाटलं होतं, चला, हात पुन्हा जागेवर आले. पहिले काही महिने तिनं खरोखर रेडिओ दुरुस्त केले. मग मीडियम वेव्हचं शेवटचं केंद्रही बंद झालं. गिऱ्हाइकं रेडिओ परत आणू लागली. "नुसता खरखरतोय," म्हणायची. तेव्हापासून आतलं काढून टाकायचं काम सुरू झालं. मालक वाईट नव्हता. त्यानं मावशीला काढून टाकलं नाही, काम तेवढं उलटं केलं.

त्याच दुपारी पन्नाशीचा एक माणूस चादरीत गुंडाळलेला रेडिओ घेऊन आला.

"वडिलांचा आहे. बारा वर्षं बंद पडलाय," तो म्हणाला. "परवा ते पंच्याऐंशीचे होतील. ब्लूटूथ बसवून द्या. फक्त त्यांना सांगू नका. ते म्हणतात, दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर हात लावू नका. मीच माझ्या फोनवरून त्यांची जुनी गाणी लावत जाईन. ऐकूही कमीच येतं त्यांना. रेडिओ चालू झाला एवढ्यावर खूश होतील."

मावशीनं चादर उलगडली. रेडिओच्या कपाळावर पितळी पट्टी होती: 'तपासणी विभागाच्या प्रमुखांस, निवृत्तीच्या दिवशी, सप्रेम.' त्या पट्टीसाठी वर्गणी गोळा केली होती, तेव्हा मावशीही त्यात होती.

कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे 'कानसाहेब' म्हणत. तयार झालेला रेडिओ त्यांच्यापुढे यायचा. साहेब मान तिरकी करून, डोळे मिटून, बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करायचे आणि म्हणायचे, "नऊ नंबरच्या कॉइलीत वेढा सैल आहे." उघडून बघावं तर सैलच असायचा. बायकांना ते टेबलाच्या नंबरानं हाक मारत. मावशी सतरा नंबर. पहिल्या वर्षी त्यांनी तिला तीनदा रडवलं होतं. सातव्या वर्षी एकदा नव्या तपासनिसाला ते तिच्यादेखत म्हणाले, "सतरा नंबरची कॉइल राहू दे. ती तपासायची गरज नसते." सव्वीस वर्षांत कुणी दिलेली शाबासकी म्हणाल तर एवढीच. पण तेवढी पुरली तिला.

"मी हा आधी खराच दुरुस्त करून बघते," मुलगा गेल्यावर ती मालकाला म्हणाली.

"मावशी, ऐकणार काय त्यावर?"

"बघू तर. माझ्या वेळात करते."

आतली एक कॉइल जळून काळी पडली होती. तशी आता कुठं मिळणार? रविवारी मावशी घरी खिडकीशी उजेडाला बसली आणि धाकट्या बहिणीला समोर बसवून तिनं वेढे मोजायला लावले. दोघीच राहत होत्या.

"एकशे सहा, एकशे सात… अगं, थांबलीस का?"

"डोळ्यांत पाणी येतंय. दिसत नाही."

"मग सोड ना. तुझ्या साहेबानं तुला काय सोन्याची माळ घातली होती?"

"मोज तू."

"आता कुठं होते मी?"

"एकशे सात."

"बघ, तुझं तुलाच येतंय. मला उगाच बसवलंस."

दोनदा तार तुटली. तिसऱ्या खेपेला संध्याकाळ व्हायच्या आत कॉइल झाली. मावशीनं ती चिमटीत धरून उजेडात फिरवली. वेढे वाचता आले असते इतके सरळ होते.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या तिनं रेडिओ जोडला. जरा वेळानं आतून ऊब आली, डायल उजळला आणि रेडिओ बोलायला लागला, म्हणजे खरखरायला लागला. पण ती मेलेली खरखर नव्हती. काटा सरकवला की ती बारीक व्हायची, जाड व्हायची. एका जागी दूरच्या कुठल्यातरी देशातला माणूस अनोळखी भाषेत काहीतरी सांगत होता. तो जवळ आला आणि बुडाला. बाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीच नव्हतं.

मालक शेजारी येऊन उभा राहिला. त्यानंही शेवटपर्यंत ऐकलं.

"छान झालाय, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "पण त्यांना वाढदिवसाला हे ऐकवायचं का?"

मावशीनं बटण बंद केलं. दुपारी तिनं स्वतःच्या हातानं सांगाडा बाहेर ओढला. गोणी भरली होती, भंगारवाला चार वाजता येऊन घेऊन गेला.

रेडिओ पोचवायला मालकानं तिलाच पाठवलं. ओळखीचं माणूस बघून म्हाताऱ्यांना बरं वाटेल, असा त्याचा भाबडा हिशेब.

साहेबांचं घर चौथ्या मजल्यावर होतं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. चष्मा जाड, नजर भलतीकडेच. सून आत स्वयंपाकघरात होती. मुलानं रेडिओ टीपॉयवर ठेवला.

"इथं बरोबर आहे का, साहेब?" मावशीनं विचारलं.

साहेबांनी मान तिरकी केली.

"सतरा नंबर?"

मावशी पुढे सरकली. "ओळखलंत?"

"आवाज जरा बसलाय तुमचा. बसा. उभ्या राहू नका." कारखान्यात त्यांनी तिला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. "तुम्ही दुरुस्त केलात हा?"

"हो."

"लावा मग."

मुलानं बटण दाबलं, डायल पिवळा झाला आणि तो खिशातला फोन चाचपत आतल्या खोलीत गेला. थोड्याच वेळात गाणं सुरू झालं. साहेबांच्या तरुणपणातलं संथ गाणं. त्यांचा चेहरा सैल झाला. एक कडवं त्यांनी नुसतं ऐकलं. मग हात आपोआप बटणाकडे गेला.

"जरासं बाजूला आहे," ते म्हणाले आणि त्यांनी बटण केसभर डावीकडे केलं.

गाणं तसंच राहिलं. त्यांनी केसभर उजवीकडे केलं. मग डोळे मिटून आणखी थोडं. मावशी काट्याकडे बघत होती. दोरी तिनंच घट्ट बसवली होती, काटा झोकात सरकत होता. तो मधल्या आकड्यांवरून गेला, टोकाला टेकला. गाणं तेच, तेवढंच. साहेबांनी काटा तसाच सावकाश दुसऱ्या टोकाला नेला.

"आत कॉइल एक गेली होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब. जळली होती."

"नवी कुणी गुंडाळली?"

"मी गुंडाळली."

यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांनी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मग कॉइलीचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "माझे कानच गेले. काटा कुठून कुठं गेला आणि मला काडीचा फरक कळला नाही."

"असं काय म्हणता, साहेब? मला आवाजावरून ओळखलंत की आत्ता."

"माणसाचं काय, ओळखू येतं. मशीन ओळखता यायला हवं." ते थोडे हसले. "मुलगा म्हणत होताच. मी मानत नव्हतो."

मुलगा दारात येऊन उभा होता. फोन त्याच्या हातात होता आणि तो मावशीकडे बघून बारीक मान हलवत होता, नको म्हणून. साहेबांचे कान वाचवावेत की रेडिओ, हे मावशीला ठरवता येईना. कान शाबूत आहेत म्हणावं, तर रेडिओ मेला आहे आणि तो मी मारला, हेही सांगावं लागणार. शिवाय त्या कानांनी आता ऐकायला बाहेर काही उरलेलं नाही, हेही. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "गाणं तरी छान लागलंय."

"छान आहे," साहेब म्हणाले. "राहू दे. तुमच्या कामात खोट नाही."

सुनेनं चहा आणला. मावशीनं तो गरमच गिळला आणि ती निघाली. साहेब काठी टेकत दारापर्यंत आले, तिनं नको नको म्हटलं तरी आले. "येत जा," म्हणाले आणि परत वळले.

लिफ्ट खाली कुठंतरी अडकली होती. दार लोटलेलं होतं, फटीतून खोली दिसत होती. मुलानं दुसरं गाणं लावलं. साहेब खुर्चीत बसले, पण रेडिओकडे त्यांची पाठ होती. त्यांनी मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडलं, ते आधी डाव्या कानाशी धरलं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. बराच वेळ धरलं. मग ते घड्याळ त्यांनी टीपॉयवर पालथं ठेवलं आणि मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ उरला होता, तो ते अंगठ्यानं चोळत बसले.

लिफ्ट आली. मावशी आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.